गेयर-अँडरसनची मांजर : एका ब्राँझमूर्तीची तपासणी

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ईए 64391 या क्रमांकाखाली एक मांजर नोंदलेली आहे. उंची सुमारे 42 सेंटिमीटर, म्हणजे पुऱ्या दोन वितीही नाही. धातू ब्राँझ. काळ इसवी सनपूर्व 600 च्या आसपासचा. सापडण्याची जागा इजिप्तमधलं सक्कारा, आणि तीही ‘असं म्हणतात’ या शेपटासह. इजिप्तची देवी बास्तेत म्हटलं की पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, पोस्टकार्डांवर आणि संग्रहालयाच्या दुकानात जी काळसर-हिरवी, ताठ बसलेली, नाकात सोन्याची कडी घातलेली मांजर दिसते, ती हीच.

तिच्याकडे पाहून कुणालाही वाटतं की अडीच हजार वर्षं हिला काळाचा धक्काही लागला नाही. क्ष-किरणांखाली धरल्यावर मात्र वेगळंच निघालं. तिच्या धडाभोवती तडे गेलेले आहेत, जवळजवळ पूर्ण वळसा घालून. आतून दिलेला आधार काढला तर मुंडकं खाली येईल. हा आधार प्राचीन इजिप्तमधला नाही, 1930 च्या दशकातला आहे, आणि तो देणारा माणूस पेशानं लष्करी डॉक्टर होता.

म्हणजे आपण नेमकं काय पाहतो आहोत? देवी, मांजर, कुणा भाविकाचा नवस, की एका हौशी संग्राहकाच्या हातचं काम? या चारही गोष्टी त्या 42 सेंटिमीटरांत एकमेकींत मिसळलेल्या आहेत. त्या जमतील तेवढ्या सोडवून पाहू.

आधी नुसतं पाहू

मांजर बसलेली आहे. पुढचे पाय जोडून सरळ खाली, मागचे दुमडलेले, शेपूट वळवून पुढच्या पंजांशी आणून ठेवलेली. कान मोठे, टोकदार, पुढे रोखलेले. मान आपल्या घरच्या मांजरीपेक्षा लांब. खांद्यापासून पाठीच्या टोकापर्यंतची रेघ कुठेही न अडखळता एका दमात उतरते. शेपटीवर पट्टे आहेत. ते रंगवलेले नाहीत, वेगळ्या मिश्रणाचा धातू वापरून काढलेले आहेत. डोळ्यांच्या जागी आज खोबण्या आहेत. तिथे एके काळी काच किंवा रंगीत दगड बसवलेला असणार. ते डोळे असताना ही मूर्ती किती वेगळी दिसत असेल, याचा विचार सहसा कुणी करत नाही. आपल्याला आवडते ती तिची गूढ, रिकामी नजर, आणि ती नजर मुळात मूर्तिकाराची नाहीच.

घरातली मांजर अशी बसते, नाही असं नाही. ओट्यावर मासे आले की बसतेच. पण तेव्हाही तिचा एक कान फिरत असतो, शेपटीचं टोक फरशीवर आपटत असतं. इथे तसलं काही नाही. याचं कारण कलाकाराला हालचाल जमत नव्हती असं मुळीच नाही. याच संग्रहालयात नेबामून नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातलं भित्तिचित्र आहे, या मूर्तीपेक्षा सातशे-साडेसातशे वर्षांनी जुनं. त्यात नेबामून दलदलीत पक्ष्यांची शिकार करतो आहे आणि त्याच्याबरोबरच्या मांजरीनं एकाच उडीत पक्षी धरलेत, काही पंज्यांत, एक तोंडात. तिच्या डोळ्यात सोन्याचा वर्ख आहे. इजिप्शियन चित्रकाराला मांजर किती नीट ठाऊक होती, ते तिथे कळतं.

मग ही बैठी मांजर इतकी स्थिर का? मला पटणारं उत्तर लिपीत आहे. इजिप्शियन भाषेत मांजरीला ‘मिउ’ म्हणत (हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको), आणि चित्रलिपीत तो शब्द लिहिताना शेवटी बसलेल्या मांजरीचं चित्र काढत. ते चित्र याच ढबीचं असतं: कडेनं पाहिलेली, ताठ, शेपूट अंगाशी. मूर्ती घडवणारा मांजर घडवत होताच, पण त्याबरोबर तो एक अक्षरही घडवत होता. अक्षराला वळवळ चालत नाही. ते लांबूनही वाचता यायला हवं.

आता दागिने. दोन्ही कानांत सोन्याच्या कड्या, नाकात एक. गळ्यात पदर असलेला हार, छातीवर चांदीनं मढवलेला वड्जेत, म्हणजे होरस देवाचा डोळा, जखम भरून निघाल्याची आणि रक्षणाची खूण. छातीवर पंख पसरलेला शेणकिडा, डोक्यावर आणखी एक शेणकिडा. शेणाचा गोळा ढकलत नेणारा हा किडा इजिप्तच्या लोकांना रोज सकाळी सूर्य वर ढकलणाऱ्या देवासारखा वाटला. म्हणून जिथे उगवणं आहे, पुन्हा जन्मणं आहे, तिथे तो येतो. कानांना भोकं पाडून कड्या घातलेल्या ब्राँझ मांजरी बऱ्याच सापडतात. नाकातली कडी मात्र क्वचित. मराठी प्रेक्षकाची नजर आधी तिथेच जाते आणि मनात नथ येते, पण तो मोह आवरायला हवा. सध्याच्या कड्या मूर्तीबरोबरच घडल्या की पुढे कधी चढवल्या, हा प्रश्न उघडाच ठेवलेला बरा.

सिंहीण घरी येते

बास्तेत मुळात मांजर नव्हती. दुसऱ्या राजवंशाच्या काळातल्या, म्हणजे पिरॅमिडांच्याही आधीच्या, दगडी भांड्यांवर तिचं चित्र सापडतं, आणि तिथे तिला सिंहिणीचं तोंड आहे. गिझाला खाफ्रे राजाच्या दरीतल्या मंदिरावर तिचं नाव कोरलेलं आहे. तिच्या नावाच्या लेखनात ‘बास’ हे सुगंधी लेपाच्या बरणीचं चिन्ह येतं. तिचं गाव नाईलच्या मुखाकडच्या त्रिभुज प्रदेशात, पेर-बास्त, म्हणजे बास्तचं घर. ग्रीकांनी त्याचं बुबास्तिस केलं. आज झागाझिग शहराला लागून असलेलं तेल बस्ता ते हेच.

सिंहिणीच्या रूपात तिच्यासारख्या आणखीही देवता होत्या. सगळ्यांत भयंकर सेख्मेत. सूर्यदेव रा यानं माणसांना शिक्षा करायला आपला ‘डोळा’ पाठवला आणि त्या देवीला रक्ताची चटक लागली. शेवटी लाल रंग मिसळलेली बिअर शेतांत ओतून, तिला ते रक्त वाटायला लावून, झिंगवून थांबवावं लागलं. दुसऱ्या एका कथेत हीच रागावलेली देवी इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नुबियाच्या वाळवंटात निघून जाते आणि थोथ देव गोष्टी सांगत, समजूत घालत तिला परत आणतो. वाटेत ती सिंहिणीची मांजर होते. फायली इथल्या मंदिरात अशाच आशयाचा लेख आहे: देवी खवळली की सेख्मेत, प्रसन्न झाली की बास्तेत.

मांजरीचं हे रूप जोरात आलं ते इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकात. इसवी सनपूर्व 945 च्या सुमाराला लिबियन वंशाचा शोशेंक पहिला गादीवर बसला, बाविसावा राजवंश सुरू झाला आणि बुबास्तिसचं वजन वाढलं. त्याच घराण्यातल्या ओसोर्कोन दुसऱ्यानं तिथे उत्सवाचा मोठा मंडप उभारला. एदुआर नाविल या उत्खननकारानं 1887 ते 1889 या काळात तेल बस्ता खणलं तेव्हा त्याचे कोरीव दगड विखुरलेले सापडले.

इसवी सनपूर्व पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटस इजिप्तविषयी लिहितो तेव्हा मांजर-देवी ऐन भरात आहे. बुबास्तिसच्या जत्रेचं त्याचं वर्णन वाचताना आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या यात्रेची आठवण होते. नावा भरभरून बायका-पुरुष नदीतून निघतात, बायका खुळखुळे वाजवतात, पुरुष बासरी, उरलेले टाळ्या आणि गाणी. वाटेत गाव लागलं की नाव काठाला घ्यायची आणि नावेतल्या बायकांनी काठावरच्या बायकांची यथेच्छ टिंगल करायची, काही जणींनी उभं राहून कपडे वर करायचे. आणि दारू इतकी, की उरलेल्या वर्षभरात लागत नाही तेवढी या एका जत्रेत संपते. माणसं सात लाख, असं तिथले लोक सांगतात, म्हणतो तो. आकड्यावर विश्वास ठेवायला हवाच असं नाही. गर्दीचा आकडा सांगणारा माणूस सगळीकडे सारखाच असतो. पण झिंगवून शांत केलेल्या देवीची जत्रा दारूत न्हाऊन निघते, यात एक सरळ हिशेब आहे.

म्हणून या मूर्तीच्या स्थिरपणाकडे मी ‘शांत प्राणी’ म्हणून पाहू शकत नाही. ही शांत झालेली आहे, आणि शांत राहावी म्हणून तिला सतत काहीतरी द्यावं लागतं. मूर्ती हे त्या देण्यांपैकीच एक.

1934 : एक डॉक्टर, एक गिऱ्हाईक

रॉबर्ट ग्रेनव्हिल गेयर-अँडरसन, जन्म 1881. ब्रिटिश लष्करात डॉक्टर म्हणून गेला, इजिप्तमध्ये नेमणूक झाली, पुढे सरकारी कामात शिरला, 1920 च्या दशकात निवृत्त झाला आणि तिथेच राहिला. वस्तू गोळा करायचा नाद जबर. कैरोत इब्न तुलून मशिदीला खेटून असलेली दोन जुनी घरं, मधल्या सज्जानं जोडलेली, ‘बैत अल-क्रितलिया’ म्हणून ओळखली जातात. 1935 ते 1942 तो तिथे राहिला आणि ती त्यानं गालिचे, पेट्या, जाळीदार खिडक्या, मूर्ती यांनी भरून टाकली. आज ते घर त्याच्याच नावाचं संग्रहालय आहे.

मांजर त्यानं 1934 मध्ये विकत घेतली. तेव्हा इजिप्तमध्ये परवानाधारक व्यापाऱ्याकडून पुराण्या वस्तू घेणं कायदेशीर होतं. हा व्यापार पूर्ण बंद झाला तो 1983 च्या कायद्यानं. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या वस्तूची अडचण कुणालाही सांगता येईल. ती कुठल्या थरात, कशाच्या शेजारी, कोणत्या खड्ड्यात पडली होती, हे सगळं दुकानाच्या उंबऱ्यावर गळून जातं. उरते ती वस्तू आणि तिच्याबरोबर आलेलं एक गावाचं नाव. सक्कारा हे नाव पटण्यासारखं आहे, त्याविषयी पुढे येईलच. पण पटण्यासारखं आहे आणि ठाऊक आहे यांतलं अंतर बुजवता येत नाही.

मूर्ती हाती आली तेव्हा ती आजच्यासारखी नव्हती. अंगावर गंजाचा जाड थर होता. गेयर-अँडरसननं तो स्वतः सोलून काढला. तुटकं सांधायची त्याला हौस होती आणि शस्त्रक्रियेचा हातही होता. आपण कल्पना करू शकतो की टोकदार हत्यारानं एकेक पापुद्रा उडवताना खालून आधी छातीवरची चांदी दिसली असेल, मग शेणकिड्याचा पंख. जुन्या धातूवर असं काम करताना एक क्षण असा येतो की पुढे जावं की थांबावं कळत नाही. तो पुढे गेला. धड तडकलेलं होतं, त्याला आतून आधार दिला. 1930 च्या दशकातल्या रीतीनं त्याचं काम चांगलंच म्हणायला हवं. इतकं चांगलं, की पुढची कित्येक दशकं ते कुणाच्या डोळ्यांत भरलं नाही.

1939 मध्ये त्यानं ही मांजर ब्रिटिश म्युझियमला द्यायचं ठरवलं. देणगीत मेरी स्टाउट शॉ हे नावही त्याच्या नावाशेजारी आहे. मध्ये महायुद्ध झालं, 1945 मध्ये तो वारला, आणि 1947 मध्ये मांजर संग्रहालयाच्या नोंदवहीत आली.

क्ष-किरणांत काय दिसलं

मूर्ती पोकळ आहे. ती मेण वितळवून धातू ओतण्याच्या पद्धतीनं घडवलेली आहे, आणि ही पद्धत आपल्या ओतारी लोकांना सांगायला नको. आधी माती-वाळूचा ओबडधोबड मांजरीच्या आकाराचा गाभा करायचा. त्यावर मेणाचा पातळ थर चढवायचा आणि जे काही नाजूक काम असेल, कानाची कड, मिशांची जागा, हाराचे पदर, ते मेणात करायचं, कारण मेण ऐकतं. मग मेणातून आरपार गाभ्यापर्यंत धातूचे बारीक खिळे टोचायचे. वरून मातीचा साचा लिंपायचा. भट्टीत तापवलं की मेण वाहून जातं, त्याच्या जागी पोकळी उरते आणि त्या पोकळीत वितळलेला धातू. मेण गेल्यावर आतला गाभा अधांतरी राहतो. तो हलू नये म्हणून ते खिळे. गाभा एका अंगाला कलला तर मांजरीची एक बाजू जाड आणि दुसरी कागदासारखी होणार. क्ष-किरणांत या खिळ्यांचे अवशेष अजून दिसतात. एवढ्याशा खुणेनं मूर्तिकार जिवंत वाटायला लागतो. हाराच्या नक्षीपेक्षा मला हे खिळे जास्त बोलके वाटतात.

आपल्याकडे या पद्धतीला मधुच्छिष्टविधान म्हणत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’मध्ये ती क्रमवार सांगितली आहे, मेण तोलून त्यावरून धातू किती घ्यायचा याचा हिशेबसुद्धा दिला आहे. तो राजा आणि हा इजिप्शियन ओतारी यांच्यात सतराशे वर्षांचं अंतर आहे, पण मेण कधी काढायचं यावर दोघांचं भांडण झालं नसतं.

धातूची तपासणीही झाली आहे. तांबं 85 टक्के, कथील 13 टक्के, अर्सेनिक 2 टक्के, शिसं नाममात्र 0.2 टक्के. यातला शेवटचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या काळात आणि त्यानंतर इजिप्तमध्ये मूर्तींच्या ब्राँझमध्ये शिसं सढळ हातानं घालत. शिसं स्वस्त पडतं आणि धातू साच्यात सहज पळतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधली टॉलेमी काळातली (इसवी सनपूर्व शेवटच्या तीन शतकांतली) प्रसिद्ध मांजर अशीच शिसेमिश्रित ब्राँझची आहे. ती पोकळ आहे कारण तिच्या पोटात मांजरीची ममी ठेवायची होती. गेयर-अँडरसनच्या मांजरीत शिशाची काटकसर दिसते, म्हणजे पैशाची काटकसर दिसत नाही. कथील इजिप्तला बाहेरून आणावं लागे, त्यात चांदी, त्यात सोनं. ही मूर्ती करवून घेणारा माणूस रस्त्यावरचा भाविक नव्हता.

अर्सेनिकवरून आठवलं. 1974 मध्ये अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला चार ब्राँझचे प्राणी सापडले: बैलजोडीचा रथ, म्हैस, हत्ती आणि गेंडा. त्यांच्या धातूतही एक टक्क्याहून अधिक अर्सेनिक आहे आणि याच गोष्टीवरून त्यांच्या काळाबद्दल वाद झाला, कारण इथल्या त्या काळच्या दुसऱ्या वस्तूंत ते तेवढं मिळत नव्हतं. ते प्राणी मात्र भरीव ओतलेले आहेत, चारांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. शेजारी ठेवून पाहिलं तर फरक लगेच कळतो. दायमाबादची म्हैस वजनानं उभी आहे. ही मांजर आपल्या कातडीवर उभी आहे. पातळ कातडीला तडे जातात.

मांजरीचा बाजार

आता सक्काराकडे. मेम्फिस शहराच्या अंगाला, पठाराच्या कड्यावर बास्तेतचं मोठं आवार होतं. अभ्यासक त्याला बुबास्तेइऑन म्हणतात. त्याच्या खालच्या कड्यात नव्या साम्राज्याच्या काळातल्या (इसवी सनपूर्व सुमारे 1550 ते 1070) अधिकाऱ्यांची थडगी खोदलेली होती. हजारेक वर्षांनी ती मांजरींच्या ममींनी भरून टाकली गेली. अलँ झिवी याच्या फ्रेंच पथकानं इथे 1980 च्या दशकापासून काम केलं. 1996 मध्ये त्यांना माइया या बाईचं थडगं मिळालं. तुतानखामूनची ही दाई. थडगं मांजरींनी ठासून भरलेलं होतं, आणि 2001 मध्ये त्यातच एका सिंहाचा सांगाडा सापडला. सिंहीण-मांजर हे नातं पुराणकथेत वाचणं वेगळं आणि एकाच खड्ड्यात पाहणं वेगळं. पुढे 2019 मध्ये इजिप्शियन पथकानं याच भागातून लाकडाच्या आणि ब्राँझच्या मिळून 75 मांजरमूर्ती बाहेर काढल्या. बरोबर सिंहाच्या छाव्यांच्या ममीही होत्या.

या सगळ्याचा धागा एकच. भाविक येतो, देवीला काहीतरी देतो. ऐपत असेल तर ब्राँझ, नसेल तर लाकूड, किंवा पट्ट्यांत गुंडाळलेली ममी. अनेक मूर्तींच्या बैठकीवर छोटा मजकूर असतो: बास्तेत अमक्याला आयुष्य देवो, तो तमक्याचा मुलगा. देवळात जागा अपुरी पडली की पुजारी जुनी देणी गोळा करून आवारातच पुरून टाकत. फेकायची नाहीत, कारण ती देवीची झालेली. आपल्याकडे नवसाचे चांदीचे डोळे नि पाय वाहतात, त्याच जातीचा हा व्यवहार. फक्त तिथे वाहायची वस्तू म्याऊ करणारी होती, आणि प्रकरणाचा हा भाग मला सहजासहजी ओलांडता येत नाही.

हेरोडोटस सांगतो की घरातली मांजर मेली की घरचे सगळे भुवया भादरत. डायोडोरस हा इतिहासकार इसवी सनपूर्व 60 च्या सुमाराला इजिप्तमध्ये होता. एका रोमन माणसाच्या हातून चुकून मांजर मेली. जमाव त्याच्या घरावर चालून गेला. रोमला दुखवायचं नव्हतं म्हणून राजानं अधिकारी पाठवले, तरी तो माणूस वाचला नाही. डायोडोरस म्हणतो, हे मी ऐकून सांगत नाही, पाहिलेलं आहे.

आणि याच देशात मांजरींच्या ममींचे क्ष-किरण काढल्यावर दिसतं की त्यांतल्या पुष्कळ मांजरी वर्षाच्याही झालेल्या नव्हत्या, काही तर अवघ्या काही महिन्यांची पिल्लं, आणि त्यांची मान मोडलेली आहे. देवळासाठी मांजरी पाळल्या जात, मारल्या जात, गुंडाळल्या जात आणि भाविकांना विकल्या जात. मँचेस्टरच्या संशोधकांनी आठशेहून अधिक प्राणी-ममी तपासून 2015 मध्ये निष्कर्ष मांडले. सुमारे एक तृतीयांशांत पूर्ण प्राणी, एक तृतीयांशांत थोडी हाडं, आणि उरलेल्या एक तृतीयांशांत प्राण्याचं काहीच नाही: माती, काड्या, पिसं, वरून सुरेख विणलेल्या पट्ट्या. याला फसवणूक म्हणावं का? सक्कारालाच होर नावाच्या एका कारकुनाची इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातली टिपणं मिळाली आहेत. ती आयबिस पक्ष्यांच्या देवस्थानातल्या गैरकारभाराबद्दल आहेत आणि त्यांत नियम येतो की एका भांड्यात एकच देव, म्हणजे एकाच पक्ष्याची ममी, असायला हवा. नियम करावा लागला, यातच सगळं आलं.

एक मांजर चुकून मारली तर जमाव जीव घेतो, हजारो मारल्या तर तो धर्म. आपल्याला विसंगती वाटते. त्यांना वाटत नसणार, कारण देवीला वाहिलेली मांजर त्यांच्या लेखी मेलेली नसून निरोप घेऊन निघालेली होती. मी हे समजू शकतो. पटवून घेऊ शकत नाही.

त्या निरोप्यांचं पुढे काय झालं तेही ऐकण्यासारखं आहे. 1888 मध्ये मध्य इजिप्तमध्ये बेनी हसनजवळ एका शेतकऱ्याला मांजरींचं मोठं दफन लागलं. 1890 मध्ये त्यातला सुमारे 19 टन माल, अंदाजे 1,80,000 मांजरी, जहाजानं लिव्हरपूलला पोचला आणि लिलावात टनाच्या भावानं विकला गेला, शेतात खत म्हणून टाकायला. लिलाव पुकारणाऱ्यानं हातोड्याऐवजी एका मांजरीचं मुंडकं वापरलं होतं म्हणतात. देवीकडे पाठवलेले निरोप इंग्लंडच्या शेतात पोचले.

त्यानंतर साधारण अर्धशतकानं तीच देवी ब्राँझमध्ये, सोन्याच्या कड्या घालून, त्याच देशाच्या सगळ्यात मोठ्या संग्रहालयाला देणगी म्हणून मिळाली आणि काचेआड बसली.

मूळ म्हणजे किती मूळ?

परत मूर्तीकडे. तडे का गेले, याची उत्तरं धातूतच आहेत: पातळ भिंत, आत राहिलेल्या गाभ्याची माती, खारट वाळूत शतकानुशतकं पडून राहणं. पृष्ठभागाचा आजचा रंग हा गंज, त्याची सोलपट आणि त्यानंतरची निगा या सगळ्यांचा मिळून झालेला आहे. ओतून बाहेर काढली तेव्हा ती हिरवी नव्हती. अर्सेनिक आणि कथील यांच्या खेळातून त्या काळचे कारागीर ब्राँझला वेगवेगळ्या छटा देत. शेपटीचे पट्टे त्याची साक्ष आहेत. कल्पना करा: पितळेसारखं चकाकणारं किंवा गडद तपकिरी अंग, त्यावर पट्टे, छातीवर पांढरी शुभ्र चांदी, डोळ्यांत रंगीत काच. आपण ज्या गंभीर, संयत, एकरंगी सौंदर्यावर लिहितो ते तेव्हा नव्हतं, घडवणाऱ्यानं ही मूर्ती बरीच भडक केली होती.

मग गेयर-अँडरसननं केलेला आधार काढून टाकून मूर्ती दोन तुकड्यांत दाखवावी का? काही जण म्हणतील, तेच खरं. मला ते नको वाटतं. तडा हा तिच्या इतिहासाचा भाग असेल तर सांधाही आहे. आजच्या जतनशास्त्राची रीत अशी की दुरुस्ती मागे घेता यावी आणि ती नोंदलेली असावी. या डॉक्टरनं नोंदीचा भाग नीट पाळला नाही, म्हणून क्ष-किरणांना त्याचं काम शोधून काढावं लागलं. आता ते सापडलं आहे, तर काचेशेजारच्या पाटीवर ओतणारा, वाहणारा आणि सांधणारा या तिघांनाही जागा मिळायला हवी. आज बहुतेक लोक पाटी वाचत नाहीत, ते वेगळं.

आणखी एक गोष्ट राहिली. ज्या गावच्या देवळात ही वाहिली गेली असावी तिथून ती निघाली, व्यापाऱ्याच्या दुकानात आली, एका इंग्रजाच्या घरी दुरुस्त झाली आणि लंडनला गेली. त्याचं कैरोतलं घर आजही पाहता येतं. अरुंद जिना, वर जाळीदार खिडक्यांचा सज्जा, भिंतीपलीकडे इब्न तुलूनचा वळसे घेत वर जाणारा मिनार. तिथे एका खोलीत मांजर बसलेली आहे, ताठ, कड्या घातलेली. ती प्रतिकृती आहे. तिच्या धडाला तडा नाही.